सीपीआर : हृदय थांबल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय कराल?

समजा, देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहणारा पन्नाशीचा माणूस अचानक कोसळला. गर्दी जमते. कुणी तोंडावर पाणी मारते, कुणी कांदा हुंगायला देते, कुणी जीप थांबवून "चला, सेलूला नेऊ" म्हणते. सगळ्यांची धडपड मनापासून असते. पण त्याचे हृदय थांबले असेल, तर या गडबडीत मोलाची मिनिटे निघून जातात. रक्तपुरवठा थांबल्यावर साधारण ४ ते ६ मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. फाट्यावरून सेलूला न्या की जिंतूरला, एवढ्या वेळात दवाखाना गाठता येत नाही. म्हणून पहिला उपचार जवळ उभ्या असलेल्या माणसालाच करावा लागतो, म्हणजे तुम्हाला.

सीपीआर म्हणजे काय?

छाती ठरावीक लयीत दाबली की हृदयातले रक्त पुढे ढकलले जाते आणि मेंदूला थोडाफार पुरवठा चालू राहतो. ही पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी जगापुढे मांडली. तिला फक्त दोन हात लागतात.

कधी सुरू करायचे?

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, तर सीपीआर सुरू करा. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा माणूस अधूनमधून आचके देत असेल, तर तो श्वास समजू नका. नाडी शोधत बसू नका. छातीत दुखते आहे, पण माणूस बोलतो आहे, अशा वेळी मात्र छाती दाबायची नाही. त्याला लगेच दवाखान्यात न्यायचे.

विजेचा धक्का बसला असेल, तर आधी मुख्य स्विच बंद करा. त्याआधी त्या माणसाला हात लावू नका.

मोठ्या माणसासाठी

१. एकाला १०८ वर फोन करायला सांगा. ही मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवा.
२. माणसाला कडक जमिनीवर उताणे झोपवा. बाजेवर किंवा गादीवर दाब वाया जातो.
३. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवा. त्यावर दुसरा हात ठेवा. कोपरे ताठ ठेवा.
४. छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतके जोरात दाबा. प्रत्येक वेळी ती पूर्ण वर येऊ द्या.
५. वेग मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे १५ सेकंदांत २५ ते ३० दाब.
६. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला. थकलेल्या हातांचा दाब कमी पडतो.

तोंडाने श्वास देता येत असेल, तर ३० दाबांनंतर २ श्वास द्या. येत नसेल तर नुसते दाबत राहा. मात्र विहिरीत किंवा शेततळ्यात बुडालेल्याला श्वासाची गरज जास्त असते. तिथे सुरुवातच २ श्वासांनी करा. पोटातले पाणी काढण्यासाठी त्याला उलटे धरू नका.

एक वर्षाखालील बाळासाठी

बाळाचे हृदय बहुधा श्वास अडल्यामुळे थांबते, म्हणून त्याला श्वास द्यावाच लागतो. तळपायाला टिचक्या मारून प्रतिसाद पाहा. दोन्ही हातांनी छातीला विळखा घालून, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, मधल्या हाडावर दोन्ही अंगठ्यांनी दाबा. हात पुरत नसतील तर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरा. खोली साधारण ४ सेंटिमीटर, वेग मोठ्यांइतकाच.

३० दाबांनंतर बाळाचे डोके सरळ ठेवा, मान फार मागे वाकवू नका. बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडात झाकून हलक्या २ फुंकरी द्या. छाती वर आलेली दिसली की पुरे. एकटे असाल आणि हाताशी फोन नसेल, तर आधी दोन मिनिटे सीपीआर करा, मग बाळासह मदत शोधा.

मनातल्या शंका

"बरगडी मोडली तर?" मोडू शकते. पण मोडलेली बरगडी जुळते. थांबलेले हृदय तसेच सोडले तर माणूस वाचत नाही.

"पोलिसांचे लचांड मागे लागेल का?" रस्ता अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तुमचे नाव सांगण्याची सक्ती नाही.

"थांबायचे कधी?" माणूस हालचाल करू लागला, श्वास घेऊ लागला, रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी ताबा घेतला किंवा तुमचे बळ संपले, तेव्हा.

शेवटी एक

सीपीआर करूनही सगळे वाचत नाहीत. "आमच्याकडून काही राहिले का?" असे नातेवाईक मला विचारतात. तुम्ही हात लावलात, प्रयत्न केलात, तर मनाला लावून घेऊ नका. पण हे आधी शिकून ठेवा. दवाखान्यात किंवा शाळेत पुतळ्यावर सराव होत असेल, तर घरातील दोघांनी तरी जावे. धडधाकट माणसाच्या छातीवर मात्र सराव करू नका.