वल्हांडणाच्या रात्रीचा धडा

श्रोतेहो, पस्तीस वर्षें मीं मुलांना प्रश्न विचारले. परंतु एका मुलाला जो एक प्रश्न विचारावयास हवा होता, तो विचारला नाहीं. ही चूक मला पुष्कळ वर्षांनीं, वल्हांडण सणाच्या रात्रीं, त्याच मुलाच्या घरीं कळून आली.

हा मुलगा बेने इस्राएल समाजांतील, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजांतील. अलीबाग, पेण, रेवदंडा या बाजूला हे लोक शतकानुशतकें तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' असें नांव पडलें. एका एप्रिलांत परीक्षा संपल्यावर मीं वर्गांत बिस्किटें वांटलीं. या मुलानें हात पुढें केला नाहीं. मीं तें बिस्किट त्याच्यासमोर बांकावर ठेवलें, तरी तो त्याला शिवला नाहीं. 'अन्नाचा अपमान करतोस,' असें म्हणून मीं त्याला तासभर उभें केलें. तो कांहीं बोलला नाहीं आणि मींहि 'कां?' म्हणून विचारलें नाहीं. तोच विद्यार्थी आतां गृहस्थ झाला आहे. गेल्या वर्षीं त्यानें मला अगत्यानें सणाला बोलाविलें.

यहुदी पंचांगांतील निसान महिन्याच्या १५ व्या तिथीला, म्हणजे मार्च-एप्रिलांतील पौर्णिमेच्या सुमारास, हा सण लागतो. त्यांचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून मुख्य विधि रात्रीं. मिसर देशांत इस्राएल लोक फारो राजाच्या दास्यांत होते. मिसरी लोकांवर आलेल्या शेवटच्या आपत्तींत घरोघरचे ज्येष्ठ पुत्र मेले. इस्राएलांचीं घरें मात्र मृत्यूनें वल्हांडलीं, म्हणजे ओलांडून सोडलीं, अशी कथा आहे. यावरूनच सणाचें नांव. सुटकेच्या वेळीं इतकी घाई झाली कीं, मळलेली कणीक फुगावयास अवकाशच मिळाला नाहीं. त्याची आठवण म्हणून आठ दिवस, आणि इस्राएल देशांत सात दिवस, खमीर वर्ज्य असतें.

येथें नवख्या माणसाची गफलत होते. त्याला वाटतें, पाव खाल्ला नाहीं म्हणजे झालें. तसें नाहीं. गहूं, जव, राय, ओट आणि गव्हाचीच एक जुनी जात अशा पांच धान्यांपैकीं कोणाच्याहि पिठाला पाणी लागून तें आंबलें, कीं तें निषिद्ध झालें. तें खाणें तर नाहींच, पण घरांत बाळगणेंहि चालत नाहीं. सणापूर्वीं घराचा कोपरान् कोपरा झाडतात. आदल्या रात्रीं दिवा घेऊन उरलेसुरले तुकडे शोधतात व सकाळीं जाळून टाकतात. बेखमीर भाकरीला 'मत्सा' म्हणतात. पिठांत पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आंत ती भाजली गेली पाहिजे. युरोपांतील अश्कनाझी परंपरेंत तांदूळहि वर्ज्य मानीत आले आहेत. आपल्याकडील बेने इस्राएलांना तो चालतो. हें सारें ऐकत असतां मला बांकावरचें तें बिस्किट आठवलें.

रात्रीच्या विधीला 'सेदेर' म्हणतात. या शब्दाचा अर्थ क्रम. दास्याच्या कडूपणासाठीं कडू पाला, गुलामांनीं मळलेल्या मातीची खूण म्हणून खजुराचा लगदा, आणि मनुकांच्या सरबताचे चार प्याले. मग 'हग्गादा' नांवाची पोथी वाचतात. १८७४ सालीं पुण्यांत ती हिब्रू व मराठींत सचित्र छापली गेली. तींत लुगडीं नेसलेल्या बायका मत्सा करीत असल्याचें चित्र आहे!

पोथीचा आरंभ घरांतील सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनीं होतो. ही रात्र इतर रात्रींहून निराळी कां, असें त्यानें विचारावयाचें आणि वडील मंडळींनीं सांगावयाचें. पुढें चार पुत्रांचें वर्णन येतें: एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा, आणि चौथा, ज्याला विचारतांच येत नाहीं. या चौथ्यावर रागावूं नये. त्याच्याशीं बोलण्यास आपणच आरंभ करावा, अशी आज्ञा आहे. श्रोतेहो, शिक्षणशास्त्राचें याहून थोर सूत्र मीं वाचलेलें नाहीं. त्या रात्रीं त्या घरांतला चौथा पुत्र मी होतों.

त्यांचा नित्याचा आचारहि असाच आठवणीनें बांधलेला आहे. दाराच्या चौकटीला शास्त्रवचनाची गुंडाळी असलेली 'मेझूझा' असते. जातां येतां तिला हात लावतात. सकाळीं व रात्रीं देव एक असल्याची घोषणा करणारा 'शेमा' म्हणतात. मांसाबरोबर दूध नाहीं. मासा पर व खवले असलेलाच, म्हणून कोंकणांत राहूनहि कोळंबी वर्ज्य. शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं दिवे लावतात. त्यानंतर शनिवारची रात्र पडेपर्यंत विस्तव पेटवीत नाहींत. अशा घरीं पाहुणे म्हणून जातांना मिठाई नेण्यापूर्वीं काय चालेल तें विचारावें. विचारण्यानें कोणाचा अपमान होत नाहीं.

१९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं. जीं येथें राहिलीं तीं थोडीं आहेत, आणि आपण शेजारी असूनहि त्यांना फारसें कांहीं विचारलेलें नाहीं.

विधि आटोपल्यावर मीं माझ्या विद्यार्थ्याला विचारलें, "त्या दिवशीं वर्गांत तूं बोलला कां नाहींस?"

तो हंसला व म्हणाला, "गुरुजी, आपण विचारलें असतें, तर सांगितलें असतें."