दुखण्याची गोळी : आधी नाव वाचा, मग घ्या



भातलावणी, खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोड; कामाचा जोर वाढला की कंबर आणि गुडघे बोलू लागतात. मग दुकानात जायचे, "अंग दुखतंय, एक गोळी द्या" म्हणायचे, मिळेल ती गिळायची आणि पुन्हा कामाला लागायचे, अशी घरोघरची रीत आहे. कीटकनाशक घेताना कंपनीचे मोठे नाव पाहू नका, बारीक अक्षरातला घटक वाचा, असे आम्ही कृषी खात्याची माणसे नेहमी सांगतो. पोटात जाणाऱ्या गोळीलाही हाच नियम लावावा.

गोळ्या दोन प्रकारच्या

पहिली पॅरासिटामॉल. ताप, डोकेदुखी, साधी अंगदुखी यांवर आधी हीच घ्यावी. दुसऱ्या प्रकारात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, निमेसुलाइड या गोळ्या येतात. यांनी सूज उतरते. पण त्या जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. डायक्लोफेनॅक तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचेच नाही. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर २०११ सालीच बंदी आली आहे. गिधाडे का संपली, हे आपल्याला ठाऊक असेल. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली.

खर्चाचा हिशेब

साध्या ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची किंमत सरकारने बांधून दिली आहे. एक गोळी रुपयाच्या आसपास पडते. दिवसाला तीन याप्रमाणे दोन दिवसांच्या सहा गोळ्यांना सहा-सात रुपये पुरतात. नाव बदलले, दोन-तीन औषधे एकत्र केली की किंमत चढते. जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर ही गोळी विकत घ्यावी लागत नाही. खरा खर्च होतो तो पुढे. रोजच्या गोळ्यांनी मूत्रपिंड गेले, तर डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा शहर गाठावे लागते. बरोबरच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

किती घ्यावी, कशी घ्यावी

मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, फार तर दोन घ्याव्यात. पुढची सहा तासांनी. २४ तासांत सगळ्या मिळून आठ गोळ्यांच्या वर कधीही जाऊ नये. अंगाने किरकोळ असणाऱ्यांनी, दारू पिणाऱ्यांनी आणि कावीळ होऊन गेलेल्यांनी याहून कमी, डॉक्टरांना विचारून घ्यावी. मुलांचे प्रमाण वजनावर ठरते. मोठ्यांची गोळी मोडून देऊ नये.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. सर्दीची एक, तापाची एक असे करता करता प्रमाण दुप्पट होते. जास्त झालेले पहिल्या दिवशी जाणवत नाही, पण यकृत बिघडत असते. चुकून जास्त गोळ्या गेल्या, तर बरे वाटत असले तरी लगेच दवाखाना गाठावा.

दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. उन्हात घाम गाळून लघवी कमी होत असेल तेव्हा तर नकोच. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर त्यांचा मार जास्त बसतो. अल्सर, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

गोळीने दाबू नये असे दुखणे

फवारणीनंतर डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, तोंडाला लाळ सुटणे ही विषबाधेची खूण असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका. अशा वेळी कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जावे.

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यू असू शकतो. त्यात अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतल्यास रक्तस्राव होण्याची भीती असते. भातखाचरात काम करणाऱ्याला ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोची शंका धरून त्याच दिवशी रक्त तपासावे.

एवढे पाळा

१. कागदाच्या पुडीतल्या सुट्या रंगीत गोळ्या घेऊ नका. त्यात स्टिरॉइडही असू शकते.
२. पट्टी कापून घेतली तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या.
३. तापासाठी तीन दिवस, दुखण्यासाठी पाच दिवस गोळ्या घेऊनही गुण नसेल तर डॉक्टरांना दाखवा.
४. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा.

घरात कोणी शाळेत जाणारे असेल, तर आजच घरातल्या सगळ्या पट्ट्या त्याच्याकडून वाचून घ्या. एकच औषध दोन नावांनी घरात आलेले नाही ना, ते पाहा.