संगणकापुढील बैठक आणि अंगदुखीची बोली

पुणे-सोलापूर महामार्गावर, माढा तालुक्यात, उजनी धरणाच्या परिसरात वसलेले टेंभुर्णी हे गाव मूळचे शेतीचे व बाजाराचे. उजनीच्या पाण्याने तेथे ऊस आणला, रस्त्यांच्या फाट्याने दुकाने आणली, पुढे औद्योगिक वसाहतही आली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा गावांतून आणखी एक वर्ग उदयास आला आहे. सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याचे अर्ज, उत्पन्नाचे व जातीचे दाखले, महाविद्यालयीन प्रवेशाची प्रपत्रे, लग्नपत्रिका, क्वचित एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध, ही सर्व कामे संगणकापुढे बसून करून देणारा हा वर्ग होय. विम्याची किंवा प्रवेशाची मुदत संपत आली म्हणजे त्याची बैठक सकाळी सुरू होते ती रात्री उशिरा मोडते. ‘मान धरली’, ‘हाताला रग लागली’, ‘बोटांना मुंग्या येतात’ ही वाक्ये मग त्याच्या तोंडी येऊ लागतात. प्रबंधलेखनाच्या अखेरच्या महिन्यांत विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या तोंडीही हीच वाक्ये असतात. या वाक्यांचा अर्थ नेमका लावला, तर दुखण्याचे कारण व त्याचा प्रतिबंध या दोहोंकडे जाण्याची वाट त्यांतूनच सापडते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

लेखनाने अंग दुखते हा शोध संगणकाने लावलेला नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पुढे लेखनिकांच्या व्याधींचाही विचार आला. सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्याने सांगितली. तीनशे वर्षांनंतरही या यादीत फारशी भर घालावी लागत नाही. मराठीपुरते पाहावयाचे तर समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढले तर ते म्हातारपणी निरुपयोगी ठरते, म्हणून अक्षर मध्यम असावे, असा त्यातील एक उपदेश आहे. पडद्यावरील अक्षर डोळे बारीक करून वाचणाऱ्या आणि त्यासाठी नकळत मान पुढे काढणाऱ्या आजच्या वाचकाला याहून व्यवहार्य सूचना क्वचितच देता येईल. अक्षराचा आकार वाढविण्यास संगणकावर एक क्षण लागतो. तरीही तो वाढविला जात नाही, ही गोष्ट वेगळी.

मग संगणकाने नवीन काय केले? त्याने विसावे काढून टाकले. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखनयंत्रे बनविण्यास आरंभ केला आणि पुढे अनेक दशके कचेऱ्यांतून व टंकलेखनाच्या वर्गांतून मराठी यंत्रे खडखडत होती. त्या यंत्रावर ओळ संपली की हात उचलून वाहक परत ढकलावा लागे. पान संपले की कागद काढून, कार्बन लावून, नवा कागद चढवावा लागे. तयार झालेले पत्र उठून साहेबांच्या मेजावर नेऊन ठेवावे लागे. या सर्व गोष्टी त्या वेळी कटकटीच्या वाटत. परंतु त्यांमुळे खांद्याची, मनगटाची व पाठीची स्थिती दर काही क्षणांनी आपोआप बदलत असे. संगणकावर ओळ आपोआप मोडते, पान आपोआप उलटते, पत्र बसल्या जागेवरून जाते. काम हलके झाले, पण हलके काम न थांबता करता येते आणि घात तेथेच होतो.

आता मूळ वाक्यांकडे वळू. मराठीत दुखण्याचे शब्द विपुल आहेत व ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘अवघडणे’ हे एकाच स्थितीत राहिल्याने होते; चालून कोणाचा पाय अवघडत नाही. ‘रग लागणे’ हे भार धरून ठेवल्याने होते; पाण्याची बादली उचलून न्यावी तेव्हा नव्हे, ती हातात लटकती धरून उभे राहावे तेव्हा रग लागते. ‘भरून येणे’ हे श्रमानंतरचे, जडपणाचे. ‘उसण भरणे’ व ‘लचकणे’ हे अचानक घडणारे, बहुधा चुकीच्या हालचालीने. ‘आखडणे’ यात हालचालीचा पल्लाच कमी झालेला असतो. ‘ठणकणे’ आणि ‘ठसठसणे’ यांत नाडीसारखा ठेका आहे व तो दाहाकडे बोट दाखवितो. ‘मुंग्या येणे’ आणि ‘बधिर होणे’ यांत तर वेदना नाहीच. ती संवेदनेची विकृती आहे व तिचा संबंध स्नायूशी नसून मज्जातंतूशी असतो. रोनाल्ड मेलझॅक याने १९७५ मध्ये वेदनेच्या मोजमापासाठी जी प्रश्नावली सिद्ध केली, तीत इंग्रजीतील ७८ वेदनावाचक शब्द २० गटांत लावले होते. रुग्णाने निवडलेला शब्द हा निदानाचा पुरावा असतो, हे त्यामागील गृहीत. मराठी बोलणाराही असा पुरावा रोज देत असतो. परंतु दवाखान्यात गेल्यावर तो संकोचाने किंवा घाईने ‘दुखतंय’ एवढेच म्हणतो आणि वेदनाशामक गोळी घेऊन परततो. अर्थात वरील विभागणी भाषेची आहे, वैद्यकाची नव्हे. ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही, तपासणीला दिशा देऊ शकते.

या वाक्यांच्या रचनेतही एक अडचण दडलेली आहे. ‘मान दुखते’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या मान हीच कर्ता. ‘पाठ धरली’ या वाक्यात धरणारा कोण, हे सांगितलेलेच नसते. (याच शब्दांचा ‘पाठलाग केला’ हा दुसरा अर्थ येथे अगदीच गैरलागू नाही.) दुखविणारी वस्तू वाक्यात नसल्याने ती विचारातूनही सुटते, मग दोष वयाला, वाताला किंवा हवेला दिला जातो. वस्तुतः दुखविणारी वस्तू बहुधा समोरच असते व ती फूटपट्टीने मोजता येते.

ती कशी मोजावी हे कळण्यासाठी शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. स्नायू आकुंचन पावून सैल होतो तेव्हा त्यातील रक्त पिळल्यासारखे पुढे जाते व नवे आत येते. तोच स्नायू सौम्यपणे, पण अखंड आकुंचित राहिला तर आतल्या रक्तवाहिन्या दाबलेल्या राहतात आणि प्राणवायूचा पुरवठा मंदावतो. हीच ‘रग’. टंकन करताना बोटे हलत असतात, परंतु मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू दोन्ही हात अधांतरी तोलून धरण्यासाठी तासन्‌तास ताठ असतो. म्हणून श्रम बोटांचे दिसतात आणि दुखतो खांदा. डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो भरते. ते कण्याच्या वर तोललेले असेल तर स्नायूंना फारसे काम पडत नाही. ते पुढे झुकले की मानेमागील स्नायूंना ते लगामासारखे ओढून धरावे लागते.

मनगटाची रचना निराळी. तेथील आठ लहान अस्थी व त्यांवरून आडवा गेलेला बंध यांच्यामधील अरुंद बोगद्यातून बोटांचे नऊ स्नायुरज्जू आणि एक मज्जातंतू जातात. मनगट वर किंवा खाली मोडून धरले की बोगद्यातील दाब वाढतो व त्या तंतूच्या क्षेत्रात, म्हणजे अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू यांत, मुंग्या येतात. तथापि प्रत्येक मुंगीचा दोष कळफलकाला देणे योग्य नव्हे. डेन्मार्कमध्ये झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत संगणकाचा वापर हे या विकाराचे प्रबळ कारण असल्याचे आढळले नाही. जोर लावून पकडण्याची व कंपने सोसण्याची कामे याबाबतीत अधिक घातक समजली जातात. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात कळफलकावर काम करणाऱ्यांत हातदुखीची साथच आली होती. तिला ‘पुनरावृत्तीजन्य इजा’ असे नाव मिळाले आणि इजा सिद्ध होण्याआधीच ती नावात गृहीत धरली गेली म्हणून मोठा वाद झाला. नाव देण्यातील घाई वैद्यकातही महाग पडते, ती अशी.

मराठी टंकनाचा स्वतःचा असा काही भार आहे काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये जो इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाण ठरविला, त्यात स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. व्यंजन व स्वर यांचा क्रम एकाआड एक येत असल्याने हातही आळीपाळीने चालतात, हा त्याचा मोठा गुण. परंतु महाप्राण व्यंजने, शब्दारंभीचे स्वर, तसेच ण, श आणि ळ यांसाठी शिफ्टची कळ दाबून धरावी लागते, आणि ती दाबते करंगळी. ‘आणि’ हा मराठीत पदोपदी येणारा शब्द पाहावा. तीन कळा, तिन्ही डाव्या हाताच्या; पहिल्या दोहोंसाठी उजवी करंगळी शिफ्टवर. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाला अकरा आघात लागतात. त्यांतील तीन हलन्ताचे व एक कान्याचा, असे चार एकट्या डाव्या मध्यमेवर पडतात. यावरून कळफलक सदोष ठरत नाही. जोडाक्षरांचा भार विशिष्ट बोटांवर जमा होतो, एवढेच ठरते. ज्यांनी टंकलेखनाच्या वर्गात जुनी यंत्रपद्धती शिकली त्यांचा भार निराळ्या बोटांवर पडतो, आणि रोमन अक्षरांतून लिप्यंतर करणाऱ्यांचा आणखी निराळ्या. करंगळी सारखी दुखत असेल तर शिफ्टची कळ नेहमी विरुद्ध हाताने दाबावी. एकाच हाताने शिफ्ट व अक्षर दोन्ही साधण्याची सवय मनगट बाजूला मोडते.

आता फूटपट्टी. आपल्याकडील सर्वसाधारण मेज सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असते. ते लेखणीने लिहिण्यासाठी आहे. पाच फूट उंचीची स्त्री खुर्चीत पाय टेकून बसली तर तिचे कोपर जमिनीपासून साधारण ६० ते ६२ सेंटिमीटरवर येते. म्हणजे कळफलक तिच्या कोपरापेक्षा तेरा ते पंधरा सेंटिमीटर वर, आणि दिवसभर खांदे तितके उचललेले! दुखविणारा कर्ता येथे सापडतो. उंची बदलणारी खुर्ची प्रत्येक केंद्रात मिळेलच असे नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घट्ट गादी घालून बैठक उंच करावी व अधांतरी झालेल्या पायांखाली जेवणाचा पाट ठेवावा; खर्च जवळजवळ नाही. कोपराशी काटकोन किंवा त्याहून किंचित मोठा कोन व्हावा, मनगट सरळ राहावे, माउस कळफलकाला लागून असावा, कमरेच्या खळग्याला गुंडाळलेला टॉवेल टेकावा. पडदा हाताच्या अंतरावर व त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा थोडी खाली असावी. लॅपटॉपमध्ये पडदा व कळफलक एकत्र जखडलेले असल्याने दोहोंपैकी एक नेहमीच चुकीच्या उंचीवर असतो. तो ग्रंथांच्या चळतीवर चढवून कळफलक वेगळा जोडणे हाच त्यावर मार्ग.

सेवा केंद्रातील कामात एक गोष्ट विशेष आहे. अर्जदाराची कागदपत्रे मेजावर एका बाजूस सपाट पडलेली असतात व नोंद करणारा शेकडो वेळा मान वळवून, वाकवून ती वाचतो. शिवाय संकेतांक विचारण्यासाठी फोन कान आणि खांदा यांमध्ये दाबलेला. ‘मान धरली’ ही तक्रार बहुधा एकाच बाजूची असते, ती यामुळे. कागद पडद्याशेजारी, त्याच उंचीवर, तिरक्या फळीला चिमट्याने लावावा. फोन मेजावर ठेवून ध्वनिवर्धकावर बोलावे. पण अर्जदाराचा गोपनीय अंक रांगेतील सर्वांना ऐकू जाणार असेल तर तो हातात धरणेच बरे.

ताठ बसा, हा उपदेश मात्र अपुरा आहे. कोणतीही बैठक, कितीही शास्त्रशुद्ध असली तरी, फार वेळ टिकविली की अवघडतेच. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी नोंदणी-लेखनिकांवर केलेला एक प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सुट्यांखेरीज दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटे अधिक विश्रांती दिली असता अंगदुखी व डोळ्यांचा शीण कमी झाला आणि काम घटले नाही. रांग दाराबाहेर गेलेली असताना पाच मिनिटे उठणे टेंभुर्णीच्या केंद्रचालकाला अवघड जाईल, हे खरे. परंतु छपाईयंत्र हाताशी न ठेवता चार पावलांवर ठेवले तर प्रत्येक दाखल्यागणिक उठावेच लागते, आणि टंकलेखनयंत्राने दिलेला जुना विसावा वेगळ्या रूपाने परत मिळतो. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरील वस्तू पाहावी, असे सांगतात. रस्त्यापलीकडची दुकानाची पाटी त्याला पुरेशी आहे. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, तीही तेवढ्यात पूर्ववत होते.

इतके करूनही रात्रीच्या झोपेने दुखणे उतरत नसेल, वेदना मानेतून दंडाकडे व हाताकडे उतरत असेल किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या असतील, तर पाट आणि गादी यांचा उपयोग संपला असे समजावे व वैद्याकडे जावे. तेथे ‘हात दुखतो’ असे सांगू नये. ‘रात्री अंगठ्याच्या बाजूच्या बोटांत मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते’ एवढे एक वाक्य सांगितले, तरी मनगटातील मज्जातंतू प्रथम तपासावा हे वैद्याच्या ध्यानात येते.