इजिप्तचे जेवण : आधी कोशरी, मग फूल

‘मुलगा कैरोहून सुट्टीवर येतोय. तिकडचे काय करू?’ असे एका आजींनी मला दवाखान्यात विचारले. मी म्हणालो, कोशरीने सुरुवात करा. तांदूळ, अख्खा मसूर, मॅकरोनी, काबुली चणे शिजवून एकावर एक वाढायचे. वर लसूण आणि व्हिनेगर घातलेला टोमॅटोचा रस्सा व कुरकुरीत तळलेला कांदा. मधुमेह्यांनी भात-मॅकरोनी कमी, मसूर-चणे जास्त घ्यावेत.

‘आणि फूल?’ फूल म्हणजे मंद आचेवर शिजवलेला बाकला, तिथली नेहमीची न्याहारी. मी थांबलो. त्यांच्या नातवाची लघवी हिवतापाच्या प्रायमाक्विन गोळ्यांनी काळपट झाली होती. त्याच्या रक्तात ‘जी-६-पीडी’ हे एन्झाइम कमी आहे. अशांच्या तांबड्या पेशी बाकल्यानेही फुटू शकतात. भिजवलेला बाकला वाटून तळलेले ‘तामिया’ वडेही त्यांना वर्ज्यच.

हा दोष आनुवंशिक असून मुलग्यांत अधिक आढळतो. बाकला खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठा. घरात कोणाला असे झाले असेल, तर आधी रक्त तपासा. आजींच्या घरी कोशरीच झाली. नातवाने दोनदा वाढून घेतली.