जमिनीतला आवाज आणि हातातला मोबाईल

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. तेव्हापासून आपल्याकडे जमीन गुरगुरली की माणसे घरात थांबत नाहीत, आणि त्यात वावगे काही नाही. सप्टेंबर 2022 मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीत असे आवाज आले. 15 फेब्रुवारी 2023 रोजी लातूरच्या विवेकानंद चौक परिसरात आवाज झाला, पण भूकंपमापन केंद्रांवर नोंद नव्हती. 10 जुलै 2024 रोजी मात्र हिंगोलीच्या भूकंपाने नांदेड खरोखरच हादरले.

आवाज कशाचा, हे तरुण मंडळी हल्ली मोबाईलवर पाहतात. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप त्यासाठी चालते. सेकंदाला किती कंपने, म्हणजे किती हर्ट्झ, हे त्यात आडव्या रेषेवर दिसते. डीपीपासून सुरक्षित अंतरावर उभे राहून पाहावे. आपली वीज 50 हर्ट्झची, तरी घरघरीचा सुळका 100 वर उठतो. कारण विजेच्या एका आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो. सुरुंगाच्या स्फोटाला असा एकच सुळका नसतो, तो पडदाभर पसरतो.

भूगर्भाबाबत मात्र या यंत्राची धाव तोकडी आहे. मोबाईलचा माईक बोलणे टिपण्यासाठी बनलेला. अगदी खालची कंपने त्याला नीट ऐकू येत नाहीत. पडदा सपाट म्हणून जमीन शांत, असे ठरत नाही. सुळका दिसला तरी आवाज किती खोलीवरचा ते कळत नाही. त्यासाठी अनेक केंद्रांवरील भूकंपमापकांच्या वेळा जुळवाव्या लागतात. म्हणून आवाज आला की आधी मोकळ्या जागेत यावे, मग नेमकी वेळ लिहून तहसील कार्यालयास कळवावी.