शिबिर संपलं, नळ मात्र पहाटेच येतो



इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून परतले, तेव्हा कसारा घाट उतरेपर्यंत माझ्या मनात एकही शब्द नव्हता. इतकं हलकं मला नर्सिंगचा डिप्लोमा हातात पडला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. वाटलं, आता रागच येणार नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीच्या हातून भरलेला हंडा दारात कलंडला. नळ गेलेला. मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती रडली नाही, नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू तर ध्यान करून आलीस ना गं?"

वस्तीतल्या बऱ्याच बायका-पुरुषांनी हे अनुभवलंय. कुणी इगतपुरीला जातं, कुणी भाज्याच्या शिबिराला, कुणी दहा दिवस श्रामणेर होतं. परतल्यावर पंधरा दिवस सगळं टिकतं, मग सुटतं. आणि सुटलं की माणूस स्वतःलाच दोष देतो, विहारातही तोंड लपवतो. मीही चार महिने तेच केलं.

शिबिरात नेमकं काय असतं ते आधी बघू. पहाटे चारला घंटा. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा. बोलणं बंद. सकाळी अकराला जेवण समोर येतं. ते कुणी शिजवलं, हा प्रश्न मला दहा दिवसांत एकदाही पडला नाही. धम्मसेवक राबत होते म्हणून मी बसू शकले. घरी धम्मसेवक कोण? मीच. तिथली शांती माझी एकटीची कमाई नव्हती, हे कळायला मला चार महिने लागले.

शेवटच्या दिवशी सांगतात, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा. सल्ला चांगला आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, साडेचारला पाणी, सार्वजनिक शौचालयाची रांग आणि सातची लोकल, यात तो तास कुठून काढायचा? आमच्या विहारातल्या एक आजी मला म्हणाल्या, "अगं, पगार पुरा मिळाला नाही म्हणून मिळाला तेवढा कुणी परत करतं का?"

त्या वाक्याने मी परत बसायला लागले. माझ्यातली नर्सही जागी झाली. गोळीचा एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, हे मी पेशंटना शेकडो वेळा सांगितलंय. ध्यानाचंही तेच. काल राहिलं तर आज दोन तासांचा दंड भरायचा नाही. आज पंधरा मिनिटं.

माझी वेळ ठरलेली आहे: पाणी भरून झालं की गॅस पेटवायच्या आधी. भिंतीला पाठ लावून बसते, नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघते. मन रेशनच्या दुकानात जातं, मुलाच्या फीकडे जातं. गेलं की आणते. पुन्हा जातं. हेच ध्यान आहे. मन गेलं म्हणजे ध्यान फसलं असं नाही. रात्री बसायचा प्रयत्न केला, बसल्या बसल्या घोरले, सोडून दिलं. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोप काढून उठल्यावर बसावं. झोप मोडून ध्यान करू नये. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, डब्यावर बसा. मधुमेहाचं इन्सुलिन घेत असाल तर ते टोचून उपाशीपोटी डोळे मिटून बसू नका. साखर खाली गेली तर कळायचं नाही.

आणि नळाची रांग? भगवंतांनी सतिपट्ठानाच्या उपदेशात चालणं, उभं राहणं, खाणं-पिणं, सगळंच सजगतेत धरलंय. रांगेत उभं राहून दहा श्वास बघता येतात. थेरीगाथेतली पुण्णिका आठवा. दासी होती, थंडीत नदीवर पाणी भरायची. पाण्याने पाप धुतलं जातं म्हणणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारलं, मग बेडूक आणि कासवं स्वर्गात जातील का? कळशी वाहणाऱ्या बाईची सजगता ही अशी होती. डोळे मिटून गप्प बसणारी नव्हे. ध्यानाने चळवळ थंड पडते म्हणणाऱ्या आमच्या काही कार्यकर्त्यांना मी हीच पुण्णिका दाखवते. (मोर्च्याला मीही असते, आणि घोषणा माझ्याच मोठ्या असतात.)

पण एक गोष्ट पुरुषांना सांगायचीच आहे. तुम्ही तासभर बसता, तेव्हा पोरं सांभाळतं कोण, चहा ठेवतं कोण? एकाचं ध्यान दुसऱ्याच्या कमरेवर उभं करू नका. आमच्याकडे यावरून आठवडाभर भांडण झालं. आता एक दिवस पाणी मी भरते, एक दिवस हे भरतात. माझ्या साधनेत एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही.

आता आरोग्याचं, ज्यासाठी हे पान आहे. आमच्या वस्तीत एक ताई शिबिराहून आल्या. खूप बरं वाटत होतं, म्हणून बीपीची गोळी बंद केली. दीड महिन्याने लकवा झाला. उजवा हात अजून नीट उठत नाही. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही, त्यामुळे बरं वाटणं हा त्याचा पुरावा नाही. गोळी कमी करायची की नाही ते मशीनवर मोजून डॉक्टर ठरवतील. टीबीची, मिरगीची, मनाच्या आजाराची औषधंही ध्यानाच्या भरवशावर सोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने पंचशील घेऊन एकदम दारू सोडली तर त्याचं अभिनंदन करा. पण दोन-तीन दिवसांत हात थरथरले, भास झाले, फिट आली तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

शिबिरानंतर कुणाची झोप दिवसेंदिवस उडाली, कानात आवाज येऊ लागले, जीव द्यावासा वाटला, तर "साधना खोल गेली" म्हणून थांबू नका. सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि शिबिराचा अर्ज भरताना आजार लपवू नका. लाजेपोटी लपवतात, मला माहीत आहे.

लेकीची मी त्याच रात्री माफी मागितली. आवाज अजूनही चढतो. फरक एवढाच, की चढताना कधीकधी कळतं. छातीत आधी गरम होतं. कळलं तर हंडा खाली ठेवते आणि बाहेर जाऊन उभी राहते. नाही कळलं तर पुन्हा माफी.

एकटीने टिकवणं अवघड आहे, म्हणून आम्ही दहा-बारा जणी रविवारी सकाळी वंदना झाली की विहारातच अर्धा तास बसतो. पोरं मागच्या खोलीत असतात, त्यांना पाळीपाळीने एकीने बघायचं. उठल्यावर मी टेबलावर बीपीचं मशीन मांडते. दोन खुर्च्या आहेत, आणखी लागतील. तुमच्या विहारात सुरू करायचं तर एवढंच सामान पुरतं.