सातबारा मोबाइलवर आला, पण त्याआधी चावडीवर वाचला गेला

वडगाव निंबाळकरच्या ऊसपट्ट्यात पीककर्ज म्हटलं की पहिला कागद सातबारा. पोराच्या मोबाइलवरून फुकटचा उतारा काढून बँकेत न्यावा, तो परत यावा आणि पारावर बोलणं व्हावं, 'ऑनलाइनचं काही खरं नाही.' यात दोन उताऱ्यांची गल्लत आहे. महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसतो तो फक्त माहितीपुरता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला; आता तो १५ रुपयांत मिळतो. त्यावर पडताळणीसाठी १६ अंकी क्रमांक असतो. त्याला तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, सही-शिक्का लागत नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेच डिजिटल स्वाक्षरीला हाताच्या सहीचं बळ दिलं.

दुसरा गैरसमज जास्त खोलवरचा: सरकारने पोर्टल बनवून घेतलं की सेवा तयार. सातबाऱ्याचा खरा घाम आधीच गाळला गेला होता. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळत नव्हते. कुठे खातेदाराचं नाव चुकलेलं, कुठे गुंठ्यांत फरक. म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. तलाठ्याने गावासमोर उतारे वाचायचे, लोकांनी चुका सांगायच्या. डिजिटल सही आली ती पुढच्या वर्षी. हा क्रम उलटा असता तर चुकीवरच सरकारी मोहोर उठली असती. आजही लेखनातली चूक राहिली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. 'संगणकात आहे, आता बदलत नाही' हे खरं नाही.

लोकांना काय हवं ते वर बसून ठरवता येतं, हाही भ्रमच. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात गावोगाव संगणक केंद्रं बसवण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. बाजारभावापासून सरकारी योजनांपर्यंत सगळं तिथे मिळेल, अशी कल्पना होती. शेतकरी मुख्यतः येत ते आपल्या उसाचं वजन आणि बिल बघायला. पुढे काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर भागलं. माझ्या मते धोरण आखणाऱ्या प्रत्येकाने आधी वारणेचा हा धडा वाचावा.

आणि सेवा म्हणजे मेहरबानी नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेला मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरवून दिलेला असतो. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. मग दुसरं, आणि तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र मुदत मोजायची तर अर्जाची तारीख हाती हवी. तेव्हा सेवा केंद्रातून उठताना अर्ज क्रमांकाची पोच मागून घ्या. ती देणं कायद्याने बंधनकारक आहे.